राणीचं लग्न आणि राणीची सही
(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



जिजाऊंवरच्या आणि अहिल्याबाईंवरच्या मालिका आपल्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिल्या आहेत. राजघराण्याची गोष्ट लागली की आपण हातातलं काम घेऊनच टीव्हीसमोर बसतो. आज आम्ही अशाच एका मालिकेबद्दल बोलणार आहोत, पण ती आहे सातासमुद्रापलीकडच्या स्पेन देशाची. मालिकेचं नाव 'इसाबेल'. स्पेनच्या सरकारी दूरचित्रवाणीवर ती २०१२ ते २०१४ या काळात दाखवली गेली. तीन पर्वं झाली, मिळून ३९ भाग. इसाबेलचं काम मिशेल जेनर या नटीने केलं आहे आणि तिच्या नवऱ्याचं, म्हणजे फर्नांदोचं काम रोदोल्फो सांचो या नटाने.

आता तुम्ही म्हणाल, साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या परदेशी राणीशी आपलं काय घेणं? तिच्या गोष्टीत लढाया आहेत, राजवाडे आहेत, दागिने आहेत. पण सगळ्या गोष्टीचा कणा एकच आहे, लग्न. कुणाचं लग्न कुणाशी लावायचं, ते कोण ठरवणार, लग्नानंतर बाईच्या नावावरचं राज्य कोण चालवणार, कागदावर कुणाची सही होणार. हे प्रश्न आपल्या गावालाही नवे नाहीत. म्हणून ही गोष्ट नीट उलगडून सांगावी असं आम्हाला वाटलं.

राज्य दोन, कायदे दोन

त्या काळी स्पेन नावाचा एक देश नव्हता. तिथे वेगवेगळी राज्यं होती. त्यात सगळ्यांत मोठं कास्तील. त्याच्या पूर्वेला आरागोन, पश्चिमेला पोर्तुगाल, आणि दक्षिणेला ग्रानादा हे मुसलमान सुलतानाचं राज्य.

कास्तीलचा कायदा असा होता की राजाला मुलगा नसेल तर मुलगी गादीवर बसू शकते. आरागोनमध्ये मात्र बाईने राज्य करण्याची रीत नव्हती. हा फरक लक्षात ठेवा. पुढे नवराबायकोच्या भांडणात तोच कामाला येणार आहे.

इसाबेलचा जन्म १४५१ सालचा. ती तीन वर्षांची असताना वडील वारले. गादीवर आला तिचा सावत्र भाऊ एन्रिके. इसाबेल, तिचा धाकटा सख्खा भाऊ अल्फोन्सो आणि आई आरेव्हालो नावाच्या गावी राहायला गेले. आईची मनःस्थिती हळूहळू बिघडत गेली. मग दहा-अकरा वर्षांच्या इसाबेलला भावासह तिथून उचलून दरबारात आणलं गेलं. मालिकेचं पहिलं पर्व साधारण इथूनच सुरू होतं.

दरबारात आणलं ते प्रेमापोटी नाही. राजघराण्यातली मुलं ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात पुढचा डाव, असा तो काळ होता.

मुलगी म्हणजे पटावरची सोंगटी

राजा एन्रिकेला खूप वर्षं मूल नव्हतं. १४६२ साली त्याच्या राणीला मुलगी झाली. तिचं नाव हुआना. सरदारांनी तिला वारस मानून शपथ घेतली. पण पुढे राजाशी बिनसलं तेव्हा त्याच सरदारांनी अफवा उठवली की ही मुलगी राजाची नाहीच, दरबारातल्या बेल्त्रान नावाच्या सरदाराची आहे. त्या पोरीला 'बेल्त्रानेहा' असं टोपणनाव पडलं, म्हणजे बेल्त्रानची. पाच शतकं झाली तरी इतिहासाच्या पुस्तकात ती त्याच नावाने ओळखली जाते.

मैत्रिणींनो, इथे थोडं थांबूया. ती मुलगी कुणाची होती हे शोधायला तेव्हा काही साधन नव्हतं. तरी एका बाईच्या चारित्र्यावर शिंतोडा उडवला आणि तिच्या लेकीचा गादीवरचा हक्क डळमळीत झाला. राजाविरुद्ध उठायचं होतं पुरुषांना, भांडण होतं जमिनीचं आणि पदांचं, पण हत्यार केलं बाईच्या अब्रूला. मालिका आपल्याला इसाबेलच्या बाजूने ही गोष्ट दाखवते. पाहताना आपण हुआनाची आणि तिच्या आईची बाजूही मनात ठेवायला हवी.

सरदारांचं बंड वाढलं तेव्हा राजाने इसाबेलचं लग्न ठरवलं. नवरा कोण, तर पेद्रो हिरोन. वय ४३. इसाबेल नुकती १५ पूर्ण झालेली. हा गृहस्थ एका धार्मिक लष्करी संघाचा प्रमुख होता, ब्रह्मचर्याची शपथ घेतलेला. त्या शपथेतून त्याने सुटका मिळवली होती. त्याचा भाऊ हुआन पाचेको हा दरबारातला सगळ्यांत बलाढ्य सरदार. सौदा सरळ होता: मुलगी द्या, आम्ही पैसा आणि सैन्य देतो. १४६६ साली हिरोन लवाजमा घेऊन लग्नाला निघाला आणि वाटेतच आजारी पडून मेला. इसाबेल सुटली, पण ती दैवाने सुटली. तिला नाही म्हणायची सोय नव्हती.

दोनच वर्षांनी, १४६८ साली, धाकटा भाऊ अल्फोन्सो मरण पावला. बंडखोर सरदारांनी त्यालाच राजा म्हणून पुढे केलं होतं. आता ते इसाबेलकडे आले आणि म्हणाले, तू राणी हो. सतरा वर्षांच्या या मुलीने नकार दिला. तिने सांगितलं, भाऊ जिवंत आहे तोवर राजा तोच, मला त्याच्यामागे वारस माना. हा तिचा पहिला मोठा शहाणपणा. बंडातून मिळालेली गादी बंडानेच जाते, हे तिने भावाच्या बाबतीत पाहिलं होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गिसान्दो इथे बहीणभावाचा करार झाला. इसाबेलला वारस मानलं गेलं. त्या करारातलं लग्नाचं कलम महत्त्वाचं आहे. इसाबेलने राजाच्या संमतीशिवाय लग्न करायचं नाही, पण राजानेही तिच्या मनाविरुद्ध तिचं लग्न लावायचं नाही. 'तिच्या मनाविरुद्ध नाही' हे शब्द कागदावर आले.

अटी लिहून केलेलं लग्न

राजाने तिच्यासाठी पोर्तुगालच्या राजाचं स्थळ पुढे केलं. तो विधुर आणि तिच्याहून १९ वर्षांनी मोठा. फ्रान्सच्या राजाच्या भावाचंही स्थळ होतं. इसाबेलने आपल्या विश्वासू माणसांकडून चौकशी केली आणि तिसरंच स्थळ निवडलं, आरागोनचा राजपुत्र फर्नांदो. तिच्याहून एका वर्षाने लहान. दोघांचे आजोबा सख्खे भाऊ होते, म्हणजे घराणं एकच.

मालिकेत याला प्रेमकथेचा रंग दिला आहे. खरं तर लग्न ठरलं तेव्हा दोघांनी एकमेकांना पाहिलंही नव्हतं. निवड झाली ती हिशेब करून. पोर्तुगालच्या राजाशी लग्न केलं तर ती पोर्तुगालला जाणार आणि कास्तील दुसऱ्याच्या हाती. फ्रान्सचं तेच. फर्नांदो मात्र कास्तीलमध्ये येऊन राहायला तयार होता, कारण त्याच्या बापाला फ्रान्सविरुद्ध कास्तीलची मदत हवी होती. समोरच्याला गरज आहे हे ओळखलं की अटी घालता येतात. बाजारात शेळी विकणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

१४६९ साली सेर्वेरा गावी लग्नाचा करारनामा झाला. त्यात फर्नांदोने काय काय कबूल केलं ते ऐका. तो कास्तीलमध्येच राहील. इसाबेलच्या संमतीशिवाय राज्याबाहेर जाणार नाही. मुलांना तिच्या संमतीशिवाय बाहेर नेणार नाही. कास्तीलमधल्या पदांवर बाहेरची माणसं नेमणार नाही. सरकारी कागदावर दोघांच्या सह्या होतील. आजच्या भाषेत सांगायचं तर हा राजपुत्र घरजावई व्हायला आला होता, आणि तेही लेखी अटींवर.

राजाची संमती मात्र घेतलेली नव्हती. त्यामुळे लग्न लपूनछपून करावं लागलं. फर्नांदो व्यापाऱ्यांच्या तांड्यात नोकराचा वेश करून निघाला. वाटेत मुक्कामाला खेचरांना चारा घालायचा, बाकीच्यांना जेवायला वाढायचा. १९ ऑक्टोबर १४६९ रोजी वायादोलिद शहरात एका घरी त्यांचं लग्न लागलं. तो १७ वर्षांचा, ती १८ वर्षांची.

आणखी एक अडचण होती. एकाच घराण्यातल्या मुलामुलींच्या लग्नाला पोपची परवानगी लागायची. ती मिळालेली नव्हती. मग लग्नात जो परवानगीचा कागद वाचला गेला तो बनावट होता, आधीच वारलेल्या पोपच्या नावाचा. खरी परवानगी दोन वर्षांनी, १४७१ साली आली. राणीच्या गोष्टीतली ही बाजूही सांगायला हवी. नियम आपल्या सोयीने वाकवण्यात ती मागे नव्हती.

तलवार कुणापुढे चालायची

आता गोष्टीचा गाभा.

डिसेंबर १४७४ मध्ये राजा एन्रिके वारला. इसाबेल सेगोव्हिया शहरात होती आणि फर्नांदो आरागोनात. तिने नवऱ्याची वाट पाहिली नाही. भावाच्या आत्म्यासाठी प्रार्थना झाली, तिने सुतकाचे कपडे बदलले आणि १३ डिसेंबरला स्वतःला राणी म्हणून जाहीर केलं. मिरवणुकीत तिच्यापुढे एक सरदार नंगी तलवार मूठ वर करून धरून चालत होता. ती न्यायाची तलवार. शिक्षा देण्याचा अधिकार राजाचा, म्हणून ती राजापुढे चालायची. बाईपुढे अशी तलवार चालवली हे ऐकून फर्नांदो चकित झाला, आणि नाराजही. आरागोनच्या रीतीत वाढलेल्या त्याला वाटत होतं की बायको वारस असली तरी राजा आपणच.

तो सेगोव्हियाला आला. वाद वाढला असता तर दोघांचंही राज्य गेलं असतं. मग दोन मोठ्या धर्मगुरूंना मध्यस्थ नेमलं आणि १५ जानेवारी १४७५ रोजी करार झाला. कलमं अशी होती:

सरकारी कागद, नाणी आणि दवंडी यांत दोघांची नावं येतील. फर्नांदोचं नाव आधी.

राजचिन्हात मात्र कास्तीलचं, म्हणजे इसाबेलचं चिन्ह आधी.

किल्लेदार निष्ठेची शपथ फक्त इसाबेलला देतील.

चर्चमधली पदं राणीच्या मर्जीने भरली जातील.

दोघं एकत्र असतील तर न्यायनिवाडा एकत्र, आणि वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर ज्याने त्याने आपापल्या ठिकाणी.

नीट पाहा, तिने काय सोडलं आणि काय धरलं. नाव आधी घेण्याचा मान सोडला. किल्ले धरले. दवंडीत कुणाचं नाव पहिलं येतं यापेक्षा किल्लेदार कुणाचं ऐकतो, हे तिने महत्त्वाचं मानलं. आपल्या गटाच्या भाषेत सांगायचं तर, बॅनरवर फोटो कुणाचा हा मान झाला, आणि बँकेच्या खात्यावर सही कुणाची हा अधिकार झाला.

त्या वेळी तिने नवऱ्याला जे समजावलं ते पुलगार नावाच्या इतिवृत्तकाराने लिहून ठेवलं आहे. तिच्या बोलण्याचा आशय असा. आपल्याला आज एकच अपत्य आहे आणि ती मुलगी आहे. तेव्हा त्यांची थोरली लेक चार वर्षांची होती. बाईला राज्य करता येत नाही असा नियम तुम्ही आज माझ्यासाठी लावलात, तर उद्या तोच नियम आपल्या लेकीला लागेल आणि घराण्यातला दुसरा कुणी पुरुष येऊन तिचं राज्य घेईल. हा मुद्दा फर्नांदोला पटला. जो बाप बायकोच्या हक्काला आडवा येतो तो पुढे स्वतःच्या लेकीच्याच वाटेत काटे पेरतो, हे तिने त्याला दाखवून दिलं.

काही महिन्यांतच पोर्तुगालशी युद्ध सुरू झालं. तेव्हा इसाबेलने फर्नांदोला कास्तीलमध्ये एकट्याने निर्णय घेण्याचं मुखत्यारपत्र दिलं. आधी हक्क आपल्या नावावर पक्का केला, मग विश्वासाने वाटून घेतला. हा क्रम आपण ध्यानात ठेवावा. पुढे तीस वर्षं त्यांनी मिळून राज्य केलं.

भाचीचं काय झालं

पोर्तुगालच्या राजाने युद्ध कशासाठी काढलं? बेल्त्रानेहा म्हणून हिणवलेल्या त्या हुआनासाठी. ती तेव्हा १३ वर्षांची होती. हा राजा तिचा सख्खा मामा. त्याने तिच्याशी लग्न ठरवलं आणि तिच्या नावाने कास्तीलची गादी मागितली. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला भाची, आणि मधे सैन्यं. युद्धाच्या धावपळीत, घोड्यावरून गावोगाव फिरताना इसाबेलचा गर्भपात झाला.

१४७९ साली तह झाला. त्याची पहिली बोलणी दोन बायकांनी केली. इसाबेल आणि पोर्तुगालच्या बाजूने तिची मावशी बेआत्रिस. सीमेवरच्या आल्कान्तारा गावी मावशी-भाची बसल्या आणि पुरुषांच्या सैन्यांना न मिटलेलं भांडण मिटवण्याची वाट निघाली. मालिकेच्या दुसऱ्या पर्वात हा काळ आहे.

पण तहाची किंमत हुआनाने दिली. तिच्यासमोर दोन वाटा ठेवल्या. इसाबेलच्या एक वर्षाच्या मुलाशी लग्न ठरवून तो मोठा होईपर्यंत थांबायचं, नाहीतर मठात जाऊन जोगीण व्हायचं. तिने मठ निवडला. ती १५३० पर्यंत जगली, आणि शेवटपर्यंत कागदावर सही करताना 'मी, राणी' असंच लिहीत राहिली असं सांगतात. एका बाईचा विजय झाला तेव्हा दुसरी बाई मठात बंद झाली. दोघीही पुरुषांच्या त्याच डावात ओढल्या गेल्या होत्या.

स्वतः अटी घातल्या, लेकींना मात्र

इसाबेलला एक मुलगा आणि चार मुली झाल्या. स्वतःचं शिक्षण अपुरं राहिलं याची तिला जाण होती. मोठेपणी ती बेआत्रिस गालिन्दो या विदुषीकडून लॅटिन शिकली आणि मुलींनाही चांगलं शिकवलं. पण लग्नाच्या बाबतीत तिने लेकींना तीच वागणूक दिली जी तिला नको होती. चारही जणी तहाच्या कागदाबरोबर परदेशी गेल्या. मालिकेचं तिसरं पर्व आम्हाला सगळ्यांत जास्त चटका लावून गेलं ते यामुळेच.

थोरली इसाबेल पोर्तुगालच्या राजपुत्राला दिली. वर्षभरात तो घोड्यावरून पडून मेला. ती माहेरी परत आली आणि पुन्हा लग्न नको म्हणाली. तरी काही वर्षांनी तिला पोर्तुगालचा नवा राजा मानुएल याला दिलं. हा मानुएल त्या बेआत्रिस मावशीचाच मुलगा, म्हणजे इसाबेल राणीचा मावसभाऊ आणि आता जावई. थोरली १४९८ साली बाळंतपणात गेली. मग दोन वर्षांनी तिच्या जागी धाकटी बहीण मारिया त्याच मानुएलला दिली.

हा मानुएल म्हणजे कोण, ते आपल्याला जवळचं आहे. वास्को द गामाला भारताकडे पाठवणारा राजा हाच, आणि १५१० साली आल्बुकर्कने गोवा घेतला तोही याच राजाच्या नावाने. तेव्हा त्याच्या गादीशेजारी बसलेली राणी मारिया ही आपल्या गोष्टीतल्या इसाबेलची लेक. याच घराण्यांनी जहाजं पाठवली म्हणून अमेरिकेतली मिरची पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आली. त्याआधी आपल्याकडे तिखटपणासाठी मिरी होती.

मधली हुआना आणि मुलगा हुआन यांचं तर साटंलोटं झालं. बहीण दिली फिलिप नावाच्या राजपुत्राला आणि भावाला केली फिलिपची बहीण. मुलगा लग्नानंतर सहा महिन्यांत वारला.

सगळ्यांत धाकटी कातालिना. तिचं लग्न इंग्लंडच्या युवराजाशी ठरलं तेव्हा ती तीन वर्षांची होती. हुंडा ठरला दोन लाख सुवर्णनाणी. अर्धा दिला, अर्धा बाकी. लग्नानंतर पाच महिन्यांत नवरा वारला. ती १६ वर्षांची विधवा. मग सासरा म्हणतो उरलेला हुंडा द्या, बाप म्हणतो दिलेला परत करा. या ओढाताणीत ती सात वर्षं परक्या देशात अडकली. भांडी आणि दागिने विकून, गहाण ठेवून तिला नोकरमाणसांचा खर्च भागवावा लागला. अंगावरच्या कपड्यांची तक्रार तिने वडिलांना पत्रातून कळवली आहे. राजाची लेक, पण हुंड्याच्या बाकीपोटी तिचे हाल झाले. पुढे वडिलांनी तिला इंग्लंडच्या दरबारात आपली वकील नेमलं आणि ते काम तिने चोख केलं. १५०९ साली तिचं लग्न धाकट्या दिराशी, आठव्या हेन्रीशी झालं.

नाव राणीचं, दार बाहेरून बंद

आता मधल्या हुआनाची गोष्ट. भाऊ गेला, थोरली बहीण गेली, तिचं बाळही गेलं, म्हणून कास्तीलची वारस हुआना झाली. इसाबेल राणी १५०४ साली वारली आणि मालिका तिथे संपते. पुढचा भाग २०१६ च्या एका चित्रपटात आहे. त्याच्या स्पॅनिश नावाचा अर्थ होतो 'दुभंगलेला मुकुट'.

इसाबेलने मृत्युपत्रात लेकीलाच राणी केलं होतं. पण एक कलम घातलं: हुआना राज्यात नसेल, किंवा तिची इच्छा वा क्षमता नसेल, तर कारभार फर्नांदोने पाहावा. या एका ओळीतून सगळं निसटलं. १५०६ साली बाप आणि नवरा यांनी आपापसात तह केला आणि ती राज्य करायला असमर्थ असल्याचं ठरवलं. तिला विचारलं नाही. त्याच वर्षी नवरा वारला. १५०९ मध्ये बापाने तिला तोर्देसियास गावच्या वाड्यात कोंडलं. बाप गेल्यावर मुलगा कार्लोस गादीवर आला, त्यानेही तिला सोडलं नाही. १५५५ साली ती तिथेच वारली. ४६ वर्षं कोंडवाड्यात. आणि या सगळ्या काळात कागदोपत्री ती राणीच होती. फर्मानांवर तिचं नाव येत होतं.

तिला 'वेडी हुआना' म्हणतात. ती खरंच आजारी होती का, की दुःखी आणि संतापी होती, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. पण एक गोष्ट नक्की. ती वेडी ठरण्यात बापाचा, नवऱ्याचा आणि मुलाचा, तिघांचाही फायदा होता. १५२० साली कार्लोसविरुद्ध बंड झालं तेव्हा बंडखोर तिच्यापर्यंत पोहोचले आणि म्हणाले, आमच्या कागदावर सही करा. तिने सही केली नाही. त्या सहीसाठी आलेल्या माणसांनाही तिची सही हवी होती, ती स्वतः नको होती, हे तिला बहुधा कळलं असावं.

आई आणि लेक, दोघींचं नाव कास्तीलच्या राणीच्या यादीत आहे. एकीच्या हातात किल्ले होते. दुसरीच्या दाराला बाहेरून कडी होती. महाराष्ट्रात पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत, सातबाऱ्यावर बायकांची नावं लागत आहेत, हे चांगलंच आहे. पण नाव लागल्यावर पुढचा प्रश्न विचारायचा असतो: कागद वाचतं कोण, शिक्का कुणाच्या खिशात, ग्रामसभेत खुर्चीवर कोण आणि बोलतं कोण?

देव्हाऱ्यात बसवायचं नाही

इसाबेल हुशार होती, धाडसी होती. पण ती सगळ्यांसाठी चांगली होती असं म्हणता येणार नाही. तिच्याच राज्यात, पोपच्या १४७८ च्या परवानगीने, धर्मचौकशीची न्यायालयं उभी राहिली. १४९२ साली तिने आणि फर्नांदोने ज्यू लोकांना हुकूम दिला: ख्रिस्ती व्हा, नाहीतर चार महिन्यांत राज्य सोडा. पिढ्यानपिढ्या तिथे राहिलेली कुटुंबं घरदार टाकून निघाली. त्याच वर्षी ग्रानादा जिंकताना तिथल्या मुसलमानांना धर्म पाळू देण्याचं वचन दिलं, आणि दहा वर्षांच्या आत ते मोडलं.

लेकीच्या लग्नातही हे आलं. थोरली मुलगी मानुएलला द्यायची तर पोर्तुगालमधूनही ज्यू घालवा, अशी अट घातली गेली. एका लग्नाच्या अटीने दुसऱ्या देशातल्या हजारो बायकांचे संसार रस्त्यावर आले. सत्ता बाईच्या हातात आली म्हणजे ती आपोआप मायाळू होते, असं नाही. कुणाच्या हातात आहे याइतकंच ती कशी वापरली हेही पाहावं लागतं.

मालिका पाहताना

मालिका हे करमणुकीचं साधन आहे. बंद खोलीत राजाराणी काय बोलले हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं, ते संवाद लेखक रचतात. म्हणून कुठलीही ऐतिहासिक मालिका पाहताना, मग ती स्पेनची असो की आपली, आम्ही तीन गोष्टी पाहतो. एक, गोष्ट कुणाच्या बाजूने सांगितली आहे आणि कुणाची बाजू राहून गेली. दोन, जिला 'वेडी', 'कपटी' किंवा 'चारित्र्यहीन' दाखवलं आहे तिच्या तसं असण्याने फायदा कुणाचा झाला. तीन, प्रेमाच्या प्रसंगामागे जमीन, पैसा आणि वारसा यांचा कुठला व्यवहार चालू आहे.

येत्या बैठकीत हप्ते भरून झाले की या प्रश्नांवर बोलावं, असं आम्ही सुचवतो:

इसाबेलने नावाचा मान सोडला आणि किल्ले धरले. आपल्या घरात आपण कशासाठी भांडतो आणि काय हातचं सोडतो?

आपल्या नावावर काय काय आहे? त्यातला कुठला कागद आपण स्वतः वाचला आहे?

मुलीचं लग्न ठरवताना तिला प्रश्न विचारतो की निर्णय कळवतो?

ज्या अटी आपल्या वेळी आपल्याला जाचक वाटल्या, त्यातल्या कुठल्या आपण सुनेला किंवा लेकीला लावतो?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे. इसाबेलसारख्या राणीलाही तो सुटला नाही. म्हणूनच त्यावर एकटीने विचार करण्यापेक्षा गटात बसून बोललेलं बरं.